डेव्हलपमेंट बोर्डवरचा सेन्सर विकण्याजोगा करताना

प्रश्न थोडक्यात असा: खोलीचे तापमान आणि आर्द्रता मोजून वाय-फायवरून पाठवणारे, रिचार्जेबल बॅटरीवरचे उपकरण डेव्हलपमेंट बोर्डवर (प्रयोगासाठी तयार मिळणाऱ्या सर्किट बोर्डवर) व्यवस्थित चालते आहे. त्याचे १,००० नग काढून विकायचे आहेत. पुढे काय काय करावे लागेल आणि गाडी कुठे अडेल?

सर्किट हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. गाडी अडते ती जागेच्या भांडणात. बॅटरी मोठी हवी, अँटेनाभोवती मोकळी जागा हवी आणि सेन्सर बाकीच्यांच्या उष्णतेपासून लांब, बाहेरची हवा लागेल असा हवा. हे सगळे तळहातात मावणाऱ्या डबीत बसवायचे असते. त्यामुळे आधी बोर्ड पूर्ण करायचा आणि मग त्याला कव्हर शोधायचे, हा क्रम इथे चालत नाही. बॅटरीचा आकार, अँटेनाची बाजू आणि सेन्सरचा कोपरा एकाच कागदावर ठरवा. सर्किट त्यानंतर काढा.

बॅटरीचा आकार ठरवायला विजेचा हिशेब लागतो. समजा सेल २,००० मिलिअँप-अवरचा आहे. थंडी, सेलचे वय आणि तळाचा न वापरता येणारा भाग वजा करून १,६०० धरा. उपकरण दर १० मिनिटांनी जागे होते, राउटरला जोडले जाते आणि त्या ३ सेकंदांत सरासरी १०० मिलिअँप खाते. एका फेरीला ३०० मिलिअँप-सेकंद, म्हणजे ०.०८३ मिलिअँप-अवर. दिवसाच्या १४४ फेऱ्यांचे झाले १२. झोपेत २० मायक्रोअँप गेले तरी दिवसाला जेमतेम अर्धा मिलिअँप-अवर. एकूण १२.५, म्हणजे बॅटरी १२८ दिवस पुरेल. झोपेतला प्रवाह २० वरून १० वर आणण्यासाठी आठवडे घालवण्याआधी हे आकडे पाहावेत: खर्च झोपेत नाही, जोडणीत आहे.

आता मोजणी दर १० मिनिटांनीच ठेवा, पण आकडे चिपच्या आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) साठवून तासातून एकदाच पाठवा. जोडणीचा खर्च २ मिलिअँप-अवरवर येतो. रेडिओ बंद ठेवून केलेल्या मोजणीला ०.३ सेकंद ४० मिलिअँप धरले तर दिवसाचा आणखी अर्धा, झोपेचा अर्धा. एकूण ३, बॅटरी ५०० दिवसांच्या वर जाते. सेलचे स्वतःचे डिस्चार्ज होणे वजा करूनही वर्ष आरामात निघते. राउटरचा चॅनेल आणि बीएसएसआयडी (त्याच्या रेडिओचा पत्ता) लक्षात ठेवला, दर वेळी नवा आयपी पत्ता मागितला नाही, तर ते ३ सेकंदही बरेच आखडतात.

डेव्हलपमेंट बोर्डवर हा हिशेब कधीच जुळणार नाही. ईएसपी३२ ही वाय-फायची चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) १० मायक्रोअँपच्या आसपास घेते हे डेटाशीटचे म्हणणे खरे आहे, पण अशा बोर्डांवर सर्रास दिसणारा १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) स्वतःच ५ मिलिअँपच्या घरात प्रवाह पितो. वर यूएसबी-सिरीयल चिप आणि कायम जळणारा एलईडी. ५ मिलिअँप म्हणजे दिवसाला १२० मिलिअँप-अवर. पंधरवडाही निघत नाही. स्वतःच्या बोर्डवर काही मायक्रोअँप क्विसंट करंटचा (स्वतःसाठी लागणाऱ्या प्रवाहाचा) रेग्युलेटर घ्या. मग उरलेल्या गळत्या शोधा. बॅटरीचा व्होल्टेज मोजायला लावलेला १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडी) ४.२ व्होल्टवर कायम २१ मायक्रोअँप खातो, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. त्याला मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा, किंवा १ मेगाओहमचे रेझिस्टर घेऊन एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या. स्लाइड स्विच बंद स्थितीत पिन ग्राउंडला जोडत असेल, तर १० किलोओहमच्या पुल-अपमधून (पिन सप्लायला जोडणाऱ्या रेझिस्टरमधून) ३३० मायक्रोअँप सतत वाहतात. झोपताना तरंगत्या सोडलेल्या इनपुट पिना हा आणखी एक नेहमीचा चोर.

हे मोजताना साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. मायक्रोअँपच्या रेंजवर त्याचा अंतर्गत रेझिस्टर एवढा मोठा असतो की वाय-फाय चालू होताच व्होल्टेज कोसळून चिप रीसेट होते. मग दोष फर्मवेअरमध्ये शोधला जातो. मायक्रोअँप ते अर्धा अँपिअर एकाच धावेत नोंदवणारे पॉवर प्रोफाइलर उपकरण घ्या. या प्रकल्पात ऑसिलोस्कोपपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

हिशेबात न धरलेली परिस्थितीच बॅटरी संपवते. ग्राहक राउटर बंद करून आठवडाभर गावाला गेला, तर तुमचे उपकरण काय करेल? जोडणी मिळेपर्यंत प्रयत्न करत राहिले, तर १०० मिलिअँपने १,६०० चा साठा १६ तासांत संपतो. प्रत्येक प्रयत्नाला १० सेकंदांची मर्यादा घाला आणि प्रत्येक अपयशानंतर थांबायचा वेळ दुप्पट करत ६ तासांपर्यंत न्या. वाय-फायचा पासवर्ड बदलला, सर्व्हर उत्तर देत नाही, डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून पत्ता) मिळत नाही, या तिन्ही स्थिती मुद्दाम घडवून प्रवाहाचा आलेख पाहा. सर्व्हर गप्प असताना जोडणी उघडी ठेवून बसणारे फर्मवेअर टेबलावर कधीच सापडत नाही.

दुसरी अडचण क्षणिक प्रवाहाची. वाय-फाय पाठवताना चिप २५० मिलिअँपच्या आसपास ओढते. सप्लाय किमान ५०० मिलिअँपचा असावा अशीच शिफारस असते. सेल, प्रोटेक्शन सर्किट, कनेक्टर आणि ट्रेस मिळून पाव ओहम धरला तरी ३०० मिलिअँपला ७५ मिलिव्होल्ट पडतात. थंडीत हा अंतर्गत रेझिस्टन्स सहज दुप्पट होतो. त्यात रेग्युलेटरचा ०.२ व्होल्टचा ड्रॉपआउट (त्याच्यातच पडणारा किमान व्होल्टेज) मिळवा: ३.४ व्होल्टवरची बॅटरी चिपपर्यंत ३.०५ व्होल्टच पोचवते, आणि मॉड्यूलची किमान मर्यादा ३.० आहे. इथून पुढे ब्राउनआउट (व्होल्टेज अपुरा पडणे), रीसेट, पुन्हा वाय-फाय, पुन्हा ब्राउनआउट असे चक्र बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत चालते. उपाय फर्मवेअरमध्ये आहे: रेडिओ चालू करण्याआधी व्होल्टेज तपासा, ३.४५ च्या खाली असेल तर नोंद करून परत झोपा. बक-बूस्ट कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त करून स्थिर देणारा) लावून तळचे काही टक्के वाचतात, पण इंडक्टर, रेडिओजवळचा स्विचिंगचा गोंगाट आणि वाढीव खर्च पाहता या उपकरणाला मी तो सुचवणार नाही.

रेग्युलेटरच्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरड लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर लावला म्हणजे तेवढे मिळाले असे समजू नका. लहान आकाराचा, ६.३ व्होल्टचा एक्स५आर (सिरॅमिकची एक जात) कपॅसिटर ३.३ व्होल्टवर बरीच क्षमता गमावतो; रेटेड व्होल्टेजजवळ निम्म्याहून कमी उरते. उत्पादकाचा डीसी बायस आलेख (कोणत्या व्होल्टेजला किती क्षमता उरते याचा) पाहून मोठा आकार किंवा जास्त व्होल्टेजचा भाग घ्या. आणि हे कपॅसिटर बोर्डच्या तोडण्याच्या कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत, कडेला समांतर ठेवा. पॅनेल (एकत्र छापलेले अनेक बोर्ड) तोडताना बोर्ड वाकला की सिरॅमिकला केसाएवढी चीर जाते. टेस्टमध्ये तो नग पास होतो, काही महिन्यांनी त्या चिरेतून गळती सुरू होते आणि बॅटरी अकारण उतरते.

चार्जिंगला यूएसबी-सी घ्या, पण सीसी१ आणि सीसी२ (उपकरण जोडल्याचे चार्जरला कळवणाऱ्या) या दोन्ही पिनांना प्रत्येकी स्वतंत्र ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत दोन्हींना मिळून एकच रेझिस्टर होता. ई-मार्क (केबलची ओळख सांगणारी) चिप असलेल्या केबलवर त्या बोर्डला वीजच मिळत नव्हती. रेझिस्टर मुळीच नसले तर ए-टू-सी केबलवर उपकरण चार्ज होते, सी-टू-सीवर होत नाही, आणि ग्राहक ते बिघडलेले म्हणून परत पाठवतो. चार्जर आयसीला १० किलोओहमचा एनटीसी (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) सेलला चिकटवून जोडा. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचते, क्षमता घटते आणि पुढे शॉर्टचा धोका तयार होतो. पाउच सेल (मऊ पाकिटातला सेल) वयानुसार फुगतो, म्हणून त्याच्या जाडीच्या ८-१० टक्के जागा वर मोकळी सोडा आणि त्या पोकळीत स्क्रूचे टोक किंवा रिब (कव्हरची आतली फासळी) येऊ देऊ नका.

चार्जरचा उल्लेख सेन्सरच्या संदर्भातही करावा लागतो, कारण या उपकरणाची अब्रू शेवटी तापमानाच्या आकड्यावर आहे. लिनियर चार्जर ५ व्होल्टमधून ३.७ व्होल्टच्या सेलला अर्धा अँपिअर देताना ०.६५ वॉट उष्णता डबीतच सोडतो. १०० × ६० × २५ मिलिमीटरच्या डबीचा पृष्ठभाग ०.०२ चौरस मीटर भरतो. स्थिर हवेत दर चौरस मीटरला अंशामागे १० वॉट बाहेर जातात असे धरले, तर नुसता पृष्ठभागच ३ अंशांनी तापतो. आतली हवा त्याहून जास्त. ±०.२ अंशाचा महागडा सेन्सर घेतला तरी आकडा चुकणार, कारण तो खोलीचे नव्हे, डबीचे तापमान प्रामाणिकपणे सांगतो आहे.

उष्णता सेन्सरपर्यंत पोचते ती मुख्यतः तांब्यातून. तांब्याची उष्णतावाहकता एफआर४ च्या (बोर्डच्या फायबरग्लासच्या) हजारपटींहून अधिक असते. म्हणून सेन्सर बोर्डच्या जिभेवर ठेवा: तिन्ही बाजूंनी १ मिलिमीटरची खाच, खालचा ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा थर) काढून टाकलेला, आणि चौथ्या बाजूने फक्त चार बारीक ट्रेस, ०.१५ मिलिमीटर रुंदीचे. ही जीभ डबीच्या खालच्या कडेला ठेवा, कारण गरम हवा वर जाते. सेन्सरच्या कप्प्याला कव्हरमधूनच आडवी भिंत काढा आणि झरोके दोन बाजूंना द्या, म्हणजे हवा आरपार जाईल. एकाच बाजूला छिद्रे असतील तर कप्प्यात हवा साचून राहते आणि आकडा अर्धा तास मागे पडतो.

फर्मवेअरमध्ये एक फुकटचा फायदा आहे: जागे झाल्याबरोबर आधी मोजा, रेडिओ नंतर चालू करा. चार्जिंग चालू असताना आलेल्या आकड्यांवर खूण करा किंवा ते पाठवूच नका. दोन अंश वजा करण्याचा ठोक उपाय अनेकजण करतात. तो स्थिर स्थितीत चालतो, चार्जर लावला किंवा काढला की पुढचा तास चुकीचा. आर्द्रतेचा सेन्सर तर आणखी नाजूक: रीफ्लोनंतर (भट्टीतल्या सोल्डरिंगनंतर) त्याचा आकडा काही काळ सरकलेला असतो, बोर्ड धुतला तर तो बाद होऊ शकतो, आणि गोंद, सॉल्व्हंट किंवा काही फोमच्या वाफांनी तो कायमचा बिघडू शकतो. नो-क्लीन (धुवावा न लागणारा) सोल्डरिंगचा फ्लक्स वापरा, धुलाई बंद ठेवा, कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचा संरक्षक लेप) त्याच्याजवळ फिरकू देऊ नका आणि पॅकिंगचा फोम सेन्सर उत्पादकाच्या यादीत बसतो का ते पाहा.

अँटेनाबाबत सल्ला सरळ आहे. १,००० नगांसाठी सुटी चिप घेऊ नका, अँटेनासकट प्रमाणित मॉड्यूल घ्या. तरी काम संपत नाही. मॉड्यूल बोर्डच्या कडेला, अँटेनाचा भाग बोर्डच्या बाहेर किंवा खालचे सगळे थर तांब्याविना ठेवून बसवा आणि आजूबाजूला १५ मिलिमीटर मोकळे ठेवा. पाउच सेलचे आवरण ॲल्युमिनियमचे असते, म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने तो धातूचा पत्राच. कव्हरची भिंत अँटेनाला टेकली तर तिची फ्रीक्वेन्सी खाली सरकते. वाय-फायचा पट्टा २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सरकायला फारशी जागा नाही. २-३ मिलिमीटर हवा सोडा. धातूचा अंश असलेला रंग किंवा कार्बन भरलेले काळे प्लास्टिक निवडण्याआधी त्यात एक नग घालून बघा. उघडा बोर्ड, बंद डबी, बॅटरीसकट बंद डबी आणि भिंतीला टेकवलेली डबी, अशा चार स्थितींत त्याच जागी सिग्नलची ताकद नोंदवा. ६ डेसिबल कमी झाले तर मोकळ्या जागेतला पल्ला निम्मा झाला.

कव्हर साच्यात ओतायचे असेल तर थ्री-डी प्रिंटवर भुलू नका; प्रिंट जे सहन करते ते साचा करत नाही. एबीएसची भिंत २ मिलिमीटर एकसारखी ठेवा. आतल्या रिबची जाडी भिंतीच्या ५०-६० टक्के. जास्त झाली की दर्शनी बाजूला खळगा दिसतो, आणि चकचकीत पांढऱ्या कव्हरवर तो हमखास नजरेत भरतो. उभ्या भिंतींना किमान १ अंशाचा उतार हवा, खडबडीत पोत दिला तर आणखी. एबीएस थंड होताना ०.४ ते ०.७ टक्के आकसते. १०० मिलिमीटरच्या लांबीत हा फरक ०.३ मिलिमीटर, म्हणून बोर्डभोवती तेवढा तरी खेळ ठेवा. खटक्याचे हुक आणि बटणाची फट सुरुवातीला सैल बाजूला ठेवा: साच्याचे पोलाद खरवडून प्लास्टिक वाढवणे सोपे, पोलाद भरून ते कमी करणे कष्टाचे आणि खर्चाचे. एलईडीचा प्रकाश शेजारच्या फटीतून झिरपणे ही फालतू वाटणारी तक्रार जवळजवळ प्रत्येक पहिल्या नमुन्यात येते.

स्थिर विजेची चाचणी आयईसी ६१०००-४-२ नुसार होते. घरगुती उपकरणाला साधारणपणे धातूवर ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्ट. ठिणगी आत शिरते ती बटणाच्या फटीतून, झरोक्यांतून आणि यूएसबीच्या तोंडातून. टीव्हीएस डायोड (जास्तीचा व्होल्टेज ग्राउंडकडे वळवणारा) कनेक्टरला खेटून हवा, आणि ट्रेस कनेक्टरकडून आधी डायोडच्या पॅडवर आणि तिथून चिपकडे गेला पाहिजे. डायोड बाजूला फांदीसारखा लोंबकळत असेल तर नॅनोसेकंदात चढणाऱ्या ठिणगीपुढे त्या फांदीचा इंडक्टन्सच आडवा येतो. सेन्सरचा झरोका उघडाच असल्याने जिभेभोवती ग्राउंडला जोडलेली उघड्या तांब्याची बारीक कड ठेवा. ठिणगीला तिथे उतरू द्या. ही कड मुख्य ग्राउंडला एकाच अरुंद ट्रेसने जोडलेली असली की उष्णतेचा प्रश्नही चिघळत नाही. उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींच्या बाबतीत सीआयएसपीआर ३२ या मानकाच्या वर्ग बी ची मर्यादा ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये १० मीटरवर सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. इतक्या छोट्या उपकरणाला ती सहसा जड जात नाही, अपवाद चार्जिंगची केबल लावलेली असताना, कारण मग केबलच अँटेना होते. चाचणी केबलसकट करा. लिथियम सेलसाठी यूएन ३८.३ चा वाहतूक अहवाल सेल विकणाऱ्याकडून आधीच मागा. तो नसेल तर सेल कितीही चांगला असो, दुसरा बघा.

उत्पादनाची चाचणी बोर्ड काढतानाच आखावी लागते. प्रत्येक सप्लाय, प्रोग्रामिंग लाइन, रीसेट आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना १ मिलिमीटर व्यासाचे टेस्ट पॉइंट एकाच बाजूला द्या, एकमेकांपासून निदान २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे स्प्रिंगच्या पिनांचा जिग (चाचणीचा साचा) स्वस्तात होतो. क्रम असा ठेवा: वीज देण्याआधी सप्लाय आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स, मग प्रवाहाला मर्यादा घालून वीज, फर्मवेअर आणि अनुक्रमांक, ठरावीक अंतरावरच्या ॲक्सेस पॉइंटकडून सिग्नलची ताकद, संदर्भ सेन्सरशी तुलना, बटण, एलईडी, आणि शेवटी झोपेतला प्रवाह. यातली शेवटची पायरी वेळ वाचवायला गाळली जाते, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त पकडते: उलटा बसलेला डायोड, तडकलेला कपॅसिटर, फ्लक्सचा थर, अर्धवट सोल्डर झालेली पिन, सगळे तिथे मायक्रोअँपमध्ये दिसते. २० ची अपेक्षा असेल तर ३० ची वरची मर्यादा लावा आणि ५ ची खालचीही. शून्य प्रवाह म्हणजे उपकरण मेलेले.

सुट्या भागांच्या यादीत फक्त किंमत आणि आकार लिहू नका, उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर आणि तुम्ही तपासलेले पर्याय लिहा. नाहीतर असेंब्लीवाला हाताशी असलेला वाय५व्ही (थंडीत क्षमता गमावणारा) कपॅसिटर लावेल आणि थंडीत रेग्युलेटर डोलू लागेल. साच्याची ऑर्डर देण्याआधी २० बोर्ड, साच्यातून निघालेल्या कव्हरसकट ५० ते १०० नग, आणि मगच पूर्ण खेप.

फर्मवेअर दूरून अद्ययावत करता येणे ऐच्छिक नाही. फ्लॅशमध्ये दोन जागा ठेवा. नवे फर्मवेअर सर्व्हरशी एकदा यशस्वी बोलले तरच ते कायम करा, अन्यथा जुन्यावर परत. अपडेट बॅटरी ३.७ व्होल्टच्या वर असतानाच सुरू करा. टीएलएस प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारे) तपासायला उपकरणाला आजची तारीख माहीत असावी लागते, आणि वर्षभर गोदामात पडलेल्या नगाला ती माहीत नसते. आधी वेळ मिळवा, मग जोडणी करा. शेवटच्या रीसेटचे कारण, बॅटरीचा व्होल्टेज आणि जोडणीला लागलेला वेळ प्रत्येक संदेशासोबत पाठवा.

गोदामाचा प्रश्न बॅटरीलाही आहे. सेल साधारण ३० टक्के भरून पाठवतात, म्हणजे आत ६०० मिलिअँप-अवर. वाहतुकीत बटण दाबले गेले आणि उपकरण सेटअप मोडमध्ये राउटर शोधत बसले, तर ६ तासांत सेल तळाला. सेटअप मोडला ५ मिनिटांची मर्यादा घाला, आणि जिगवरच्या शेवटच्या आज्ञेने लोड स्विचने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) बॅटरी पूर्ण तोडणारा शिपिंग मोड ठेवा, जो यूएसबी लावल्याशिवाय उठणार नाही. तसे केल्यावर उरतो तो प्रोटेक्शन सर्किट आणि चार्जरचा मिळून काही मायक्रोअँपचा प्रवाह. सहा महिन्यांत तो २० मिलिअँप-अवरच्या आसपासच जातो.